जबडा दुखायलाय, आणि सगळे म्हणायलेत ‘डोळे मिटून बस’

रिपीटर_उदगीर (रात्री ११:४०)

नमस्कार. मी १९ वर्षांची. घर उदगीर तालुक्यात, सध्या लातुरात नीटसाठी रिपीट करायलेय. गेल्या वेळी थोडक्यात गेलं, म्हणून घरचे म्हणाले अजून एक वर्ष दे. क्लास औसा रोडला आहे, तिथून दहा मिनिटांवर एका रूमवर आम्ही तिघी राहतो.

प्रश्न जबड्याचा आहे. दिवाळीनंतर सुरू झालं. डाव्या कानाच्या अगदी पुढं, तोंड उघडताना जिथं हाड हलतं ना, तिथं. सकाळी उठल्यावर फारसं नसतं. दुपारची बॅच संपत आली की ओढल्यासारखं व्हायला लागतं, आणि संध्याकाळपर्यंत कानशिलात चढतं. जांभई दिली की कट्ट वाजतं. मेसची भाकरी मी आता उजव्या बाजूनंच चावते. हुरड्याला मामानं बोलावलं होतं, तिथं दोन मुठी खाल्ला आणि दोन दिवस गाल धरून बसले.

आधी वाटलं कानच आहे. कानाच्या डॉक्टरांनी आत बघितलं, म्हणाले कान साफ आहे, पाच दिवस गोळ्या घे. गोळी असली की बरं वाटतं, संपली की परत तेच. आता रविवारच्या टेस्टला जाताना मी आधीच एक गोळी घेऊन निघते. हे आईला सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात क्लासनं सगळ्यांना हॉलमध्ये बसवून माइंडफुलनेसचं, म्हणजे आत्ता जे होतंय त्यावर शांतपणे लक्ष द्यायचं, सत्र घेतलं. बाहेरून एक सर आले होते. चारशे पोरं, सगळ्यांचे डोळे मिटलेले. सर म्हणाले, ‘शरीरात जिथं ताण आहे तिथं लक्ष न्या.’ मी नेलं. तिथून पुढची वीस मिनिटं मला जबड्याशिवाय काही सुचेना, आणि उठले तेव्हा आधीपेक्षा जास्त दुखत होतं. शेजारची झोपून गेली होती, तिला फायदा झाला म्हणे.

तर हे माइंडफुलनेस दुखण्यासाठी खरंच चालतं का? की ‘मन घट्ट कर’ याचंच नवीन नाव आहे? कारण घट्ट करायचं म्हणाल तर माझा जबडा आधीच घट्ट आहे. कुणी स्वतः करून बघितलं असेल तर सांगा. परीक्षा मे मध्ये आहे, मला रोज तासभर बसायला वेळ नाही.

हुरडा_स्पेशल (रात्री ११:५२)

दोन मुठी हुरड्यानं दुखायलंय म्हणजे मराठवाड्याचं नाव खाली घालवलंस 😄 गंमत सोड. ओव्याची पुरचुंडी करून तव्यावर गरम कर आणि गालाला शेक. आमची आज्जी दाढदुखीपासून सर्दीपर्यंत सगळ्याला हेच करायची. रूमवर तवा नसंल तर टॉवेल गरम पाण्यात पिळून घे.

दंतकथा (सकाळी ७:१५)

मी दातांचा डॉक्टर आहे, बीड जिल्ह्यात दवाखाना आहे. इथं बसून निदान करत नाही, पण वाट दाखवतो.

वर सांगितलेल्या शेकाला माझी हरकत नाही, स्नायूंना ऊब चांगलीच. पण डोळे मिटायच्या आधी एकदा तोंड उघडून दाखव. तुझ्या वयात, साधारण १७ ते २५, अक्कलदाढा येत असतात. खालची अक्कलदाढ अर्धवट बाहेर आली आणि हिरडी सुजली तरी असंच कानाकडं दुखतं, आणि ते कुठल्याही ध्यानानं जाणार नाही. लातुरात दंत महाविद्यालय आहे, तिथल्या ओपीडीत जा. ते दाढा बघतील, तोंड किती उघडतं ते मोजतील, गालाचे आणि कानशिलाचे स्नायू दाबून बघतील. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर स्वतःची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये मावतात का बघ. मावत असतील तर घाबरायचं कारण नाही. दोनसुद्धा मावत नसतील, जबडा मधेच अडकत असेल, ताप किंवा सूज असेल, गाल बधिर वाटत असेल, किंवा दात अचानक वेगळे बसायला लागले असतील, तर मात्र रविवारची वाट बघू नको.

ज्यांना गुटखा-सुपारीची सवय आहे त्या पोरांसाठी वेगळं सांगतो, कारण हा धागा तेही वाचतील. तुमचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागलं असेल, तिखट झोंबत असेल, तर ते बहुतेक ताणाचं नसतं. आतली कातडी आखडत चाललेली असते, आणि त्यातून पुढं कॅन्सरही होऊ शकतो. लगेच दाखवा.

नुसतं कट्ट वाजतं आणि दुखत नाही, असे कितीतरी लोक आहेत. त्यांना काही करावं लागत नाही. तुझं दुखतं, म्हणून बघायचं. आणि सकाळी नसतं, संध्याकाळी चढतं हे तू लिहिलंस ते महत्त्वाचं आहे, डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांग. झोपेत दात खाणाऱ्याचा जबडा बहुतेक वेळा सकाळी आखडलेला असतो. दिवसा दात दाबणाऱ्याचा संध्याकाळी दुखतो. (झोपेत दात खाल्ले की पोटात जंत, असं आपल्याकडं घरोघर सांगतात. जंताच्या गोळ्या देऊन थकलेल्या आया माझ्याकडं येतात. जंत विसरा.)

गोळ्यांचं: टेस्टला जाताना ‘आधीच एक’ ही सवय मोड. पोटाला वाईट आहेच. शिवाय डोकं दुखणाऱ्या माणसानं महिन्यात पंधरा-पंधरा दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर त्या गोळ्याच डोकं दुखवायला लागतात. आणि कुणी पहिल्याच भेटीत दात मशीननं झिजवून ‘बाइट (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसतात ते) बसवून देतो’ म्हणालं तर थांब, दुसरं मत घे. झिजवलेला दात परत येत नाही.

माइंडफुलनेसबद्दल मला वरवरचंच माहीत आहे. ते करून बघितलेल्या माणसानं बोलावं.

सेवानिवृत्त_गुरुजी (सकाळी ९:०५)

बाळा, इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन ये. फी नाही, सगळं दानावर चालतं. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा. मी निवृत्तीनंतर गेलो. गुडघे दुखत होते ते दुखतच राहिले, पण त्यांच्याशी भांडण मिटलं. तुला याचा नक्की उपयोग होईल.

मांजराकाठची (दुपारी २:३०)

रिपीटर, आधी तुझ्या हॉलमधल्या वीस मिनिटांबद्दल. तुझं काही चुकलं नाही. दुखऱ्या जागेवर टक लावून बसलं की ती मोठी होत जाते, माझंही तसंच झालं होतं. चारशे पोरांना एकदम ‘ताण आहे तिथं जा’ म्हणणाऱ्यानं हे सांगायला पाहिजे होतं. आणि ज्या हॉलमध्ये सोमवारी रँकची यादी लागते तिथंच बुधवारी शांत बसवायचं, याला काय म्हणावं! क्लासला खरंच काळजी असेल तर आधी पाठ टेकायला येईल अशी बाकडी तरी द्यावीत.

मी मूळची कळंब तालुक्यातली. २०१८ ला छत्रपती संभाजीनगरात (तेव्हाचं औरंगाबाद) स्पर्धा परीक्षेसाठी गेले. औरंगपुऱ्याजवळच्या अभ्यासिकेत सकाळी सात ते रात्री नऊ. दुसऱ्या वर्षी जबडा धरला. माझी दोन्हीकडची कानशिलं दुखायची, आणि वेणी घट्ट घातली की डोळ्यांतून पाणी यायचं. एका दवाखान्यात चांगल्या दाढेचं रूट कॅनॉल झालं. साडेतीन हजार गेले, तेही वडिलांनी सोयाबीन काढल्या काढल्या पाठवलेले. दुखणं जिथल्या तिथं.

मग एक मैत्रीण घाटीशेजारच्या (घाटी म्हणजे तिथला मोठा सरकारी दवाखाना) शासकीय दंत महाविद्यालयात घेऊन गेली. तिथं माझ्याच वयाची एक शिकाऊ डॉक्टर होती. तिनं गाल दाबले, कानशिलं दाबली, तोंड उघड-मिट करायला लावलं, आणि मग पेन खाली ठेवून मला विचारलं, ‘आत्ता, या क्षणी, तुझे वरचे आणि खालचे दात एकमेकांना लागलेत का?’

लागले होते.

ती म्हणाली, ‘तू जेवत नाहीयेस, बोलत नाहीयेस. मग लागलेत कशाला?’

मला खरंच उत्तर सुचेना. मला वाटायचं तोंड बंद म्हणजे दात बंद. चोवीस वर्षांत मला कुणी सांगितलंच नव्हतं की ओठ मिटलेले असताना आत दात सुटे असतात! दोन ते चार मिलिमीटरची फट असते म्हणे. घास चावताना आणि गिळताना दात टेकतात, तेवढंच त्यांचं काम. दिवसभराचं सगळं मिळून ते काही मिनिटांचंच भरतं. मी ते चौदा तास करत होते. जोरात नाही हं, अगदी हलकं, नुसतं टेकवून. पण पाण्याची रिकामी घागर जरी हात लांब करून तासभर धरली तरी खांदा भरून येतोच की.

माझ्या लेखी माइंडफुलनेस ते तिथं सुरू झालं. शांत संगीत लावून नाही, डोळे मिटूनही नाही. ‘दात लागलेत का?’ एवढा एकच प्रश्न, दिवसातून चाळीस वेळा. दुखतंय का, किती दुखतंय, हे विचारायचंच नाही. त्याचं उत्तर ठरलेलं आहे आणि ते ऐकून जबडा अजून आवळतो. दातांचं उत्तर मात्र दर वेळी खरंच बघावं लागतं, आणि लागले असतील तर लगेच काहीतरी करता येतं.

काय करायचं तेही सांगते. ‘न’ म्हण आणि म्हणता म्हणता थांब. जीभ वरच्या दातांच्या मागं टाळूला टेकलेली असते आणि दात आपोआप सुटतात. मग ओठ अलगद मिट. झालं. शाळेत योगाच्या तासाला भ्रामरी केली असशील, त्यातही ओठ बंद ठेवून आत दात सुटेच ठेवायला सांगतात. दात दाबून ‘म्म्म’ करून बघ, घुमत नाही. सुटे सोडून कर, टाळू थरथरते. रूमवर कुणी नसेल तेव्हा दोन-तीनदा कर, बाहेर केलंस तर पोरी हसतील.

प्रश्न आठवायचा कसा, हीच खरी अडचण. मोबाइलचा गजर मी दोन दिवसांत बंद केला, अभ्यासिकेतले लोक बघायला लागले. मग टिकल्यांचं पाकीट आणलं. दहा रुपयांचं, मरून रंगाचं. एक टिकली पाण्याच्या बाटलीवर, एक टेबललॅम्पच्या मानेवर, एक मोबाइलच्या मागं, एक स्टीलच्या डब्याच्या झाकणावर. टिकली दिसली की दात बघायचे. आठ-दहा दिवसांनी ती दिसेनाशी होते, म्हणजे असते पण नजर जात नाही. मग जागा बदलायची.

पहिले काही दिवस दात लागलेले सापडले की वहीच्या मागच्या पानावर एक रेघ मारायचे. पहिल्या दिवशी ४३. त्या रेघा कुठं दाटायच्या ते बघून मला आश्चर्य वाटलं. गणितात असतीलच असं वाटलं होतं, तिथं होत्याही. पण सगळ्यात जास्त रविवारी संध्याकाळी, घरून फोन यायचा तेव्हा. वडील बिचारे कधी ओरडले नाहीत. ते फक्त म्हणायचे, ‘टेन्शन घेऊ नको, जेवत जा, फक्त यंदा होऊन जाऊ दे.’ आणि मी ‘हो पप्पा’ म्हणायचे. त्या ‘हो पप्पा’नंतर जबडा असा मिटायचा की फोन ठेवला तरी उघडायचा नाही.

मग माझ्यातला अभ्यासू प्राणी जागा झाला. रेघा कमी यायला पाहिजेत, उद्या तीस, परवा वीस! टार्गेट! त्या आठवड्यात दात इतके आवळले की मान धरली. म्हणून तुला सांगते, दोन-तीन दिवस मोज, जागा कळल्या की वही बंद कर. ही टेस्ट नाही. सापडले लागलेले, सोडले, पुढं गेलं. पाच मिनिटांनी परत लागले? परत सोडायचे. स्वतःला शिव्या देत सोडले तर ते दुसरीकडं जाऊन लागतात, खांद्यात नाहीतर पेन धरलेल्या बोटांत.

झोपताना दहा मिनिटांचं एक करायचे, तेवढा वेळ तुझ्याकडं आहे. कॉटवर उताणं पडायचं आणि लक्ष पायाच्या बोटांवर न्यायचं. चादर लागतेय का, गार आहेत का, एवढंच. मग टाचा, पोटऱ्या, गुडघे, पोट वरखाली होतं ते. हात. खांदे. जबडा सगळ्यात शेवटी, आणि तिथं मुक्काम करायचा नाही. एसटी छोट्या स्टॉपवर थांबते तसं, कुणी उतरलं का बघायचं आणि पुढं निघायचं. दुखणं मोठं व्हायला लागलं तर सरळ पायांकडं परत जायचं. पाय सहसा दुखत नाहीत, हा पायांचा मोठा गुण. मधेच झोप लागली तर लागू दे, इथं कुणी हजेरी घेत नाही.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे शरीरभर लक्ष फिरवणं दवाखान्यात आणलं ते जॉन कबाट-झिन यांनी, १९७९ मध्ये, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात. त्यांच्याकडं पाठवलेले पेशंट बहुतेक असे होते की ज्यांचं दुखणं औषधानं, ऑपरेशननं हटलं नव्हतं. आठ आठवड्यांचा कार्यक्रम. म्हणजे मुळात हे वैतागलेल्या दुखऱ्या माणसांसाठीच होतं, रँक वाढवायला नाही. आणि त्यांनी ते घेतलं बौद्ध ध्यानातून, योगातून. म्हणजे गुरुजी म्हणतात ते आणि मी सांगतेय ते लांबचे चुलत भाऊच आहेत. कबाट-झिन यांच्या कार्यक्रमात एक मनुका हातात देतात आणि पाच-दहा मिनिटं लावून खायला सांगतात. मी ते भाकरीच्या पहिल्या घासाला करायचे. भाकरी वरणात कुस्करून, मऊ करून, दोन्ही बाजूंनी सावकाश. पहिलाच घास हं, पुढचं जेवण आपलं नेहमीसारखं गप्पा मारत.

गुरुजी, तुमचा राग नाही, पण दहा दिवस फोन बंद, मौन, आणि तिची परीक्षा मे मध्ये. ती तिथं बसून रोज सुटलेले चॅप्टर मोजेल. परीक्षेनंतर जायचं असेल तर जाऊ दे, फॉर्ममध्ये तब्येतीचं विचारतात तिथं जबड्याचं खरं लिहून.

फरक किती पडला? खोटं सांगत नाही. सहा आठवड्यांनी दुखणं दुपारी दोनऐवजी संध्याकाळी सातला यायला लागलं. ते मी नफ्यात धरलं. मधे गेलं, मुलाखतीच्या वेळी परत आलं, आता क्वचित येतं. शेवटी राज्यसेवा झाली नाही, महसूल सहायक झाले, जालना जिल्ह्यात आहे. मार्च महिन्यात तहसीलमध्ये टेबलावर फायलींचा ढीग असतो आणि माझ्या स्टॅम्पपॅडच्या डबीवर अजून एक टिकली आहे.

दोन बारक्या गोष्टी राहिल्या. हनुवटीला हात टेकवून वाचू नको, सगळा भार सांध्यावर येतो. आणि रात्रीचा चहा कमी कर. आणखी एक, हे फक्त तुझ्यासाठी नाही. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर ते काम टिकलीचं नाही. १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

हुरडा_स्पेशल (दुपारी २:५१)

एवढं वाचेपर्यंत मी सहा वेळा दात सोडले. मी तर गाईच्या धारा काढून आत्ता बसलोय, मला कसलं टेन्शन?

दंतकथा (दुपारी ४:१०)

सवयीला टेन्शनच लागतं असं नाही. एकाग्र काम करताना बऱ्याच जणांचे दात लागतात. सोनार, शिंपी, ड्रायव्हर, सगळ्यांत बघतो. मीही रूट कॅनॉल करताना दात दाबतो, बायकोनं दाखवून दिलं. एक भर घालतो. दात दाबायची सवय काही गोळ्यांनीही लागू शकते, त्यात उदासीपणावरच्या काही गोळ्या आहेत. कुणाच्या चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना सांगा, मनानं बंद करू नका. आणि झोपेत दात खाणाऱ्याला टिकलीचा उपयोग नाही, झोपेत कोण बघणार. त्यांना रात्री घालायची प्लेट देतो आम्ही. ती दात झिजू देत नाही, सवय मोडेलच असं नाही.

रिपीटर_उदगीर (तीन आठवड्यांनी, रात्री १०:२०)

ताई, डॉक्टर, सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, मधे दोन पार्ट टेस्ट होत्या.

दंत महाविद्यालयात जाऊन आले. मंगळवारी क्लास बुडवला, पहिल्यांदाच. एक्स-रे काढला, अक्कलदाढा सरळ आहेत. तोंड ३८ मिलिमीटर उघडतं, म्हणाले थोडं कमी आहे पण होईल. स्नायूचंच आहे. प्लेट आत्ता नको म्हणाले, कारण सकाळी दुखत नाही. शेक, मऊ जेवण, आणि जीभ टाळूला लावून तोंड हळू उघडायचा व्यायाम दिलाय. मेसच्या मावशींना सांगितलं तर त्या माझी भाकरी आता वेगळी, पातळ थापतात. बाकीच्या पोरी म्हणतात हिचं काय लाड.

टिकल्या लावल्या. रूममधल्या दोघींनीही लावल्या, पाकीट संपलं. मी दोन दिवस मोजलं. बायोलॉजीत जवळजवळ काही नाही, फिजिक्सच्या न्यूमेरिकल्सना भरपूर. पण सगळ्यात जास्त कुठं सांगू? क्लासच्या ग्रुपवर मार्कांची पीडीएफ येते ना, ती डाउनलोड होताना तो गोल फिरतो तेवढ्या वेळात. नाव सापडायच्या आधीच जबडा बंद.

दुखणं आहे. संध्याकाळी असतंच. पण दुपारी असायचं ते आता रोज नसतं. पायांपासून सुरू करायचं ते चांगलं आहे, मी गुडघ्यांच्या वर अजून एकदाही पोचले नाही, आधीच झोप लागते. एक रविवार गोळीशिवाय दिला. दुसऱ्या रविवारी घेतली. खरं ते सांगितलं.

आईलाही सांगितलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, ‘तुझे पप्पा लग्नापासून झोपेत दात खातात, मला वाटलं शेतकऱ्याची जातच तशी असंल.’ आता दंतकथा डॉक्टरांनी सांगितलेली प्लेट पप्पांना लागणार बहुतेक.

एकच शंका राहिली ताई. नीटच्या हॉलमध्ये टिकल्या कुठं लावू? तिथं तर काहीच नेऊ देत नाहीत, पेनसुद्धा तेच देतात. एकशे ऐंशी प्रश्न आहेत, मी पहिल्या पाचातच विसरून जाईन.

मांजराकाठची (रात्री १०:४८)

गुडघ्यापर्यंतच पोचतेस यात वाईट काय आहे, झोप पाहिजेच तुला. पीडीएफचं वाचून मी मोठ्यांदा हसले, कारण आमच्याकडं निकालाची वेबसाइट उघडायची नाही तेव्हा हेच व्हायचं. ग्रुप म्यूट कर आणि मार्क दुसऱ्या दिवशी सकाळी बघ. मार्क पळून जात नाहीत.

मंगळवार बुडवलास ते बरं केलंस.

हॉलमधलं सोपं आहे. तिथं टिकली नसेल, पण प्रश्नपत्रिकेची पानं असतील. पान उलटताना एक श्वास, दात सुटे, पुढचा प्रश्न. आतापासून रविवारच्या टेस्टला तसंच करत जा म्हणजे मे पर्यंत हाताला सवय लागेल. बाकी सगळं विसरलीस तरी पान उलटावं तर लागतंच ना.

रिपीटर_उदगीर (रात्री १०:५५)

हो. परवा रविवार आहे, करून बघते. आणि ताई, मरून रंगाच्या इथं मिळाल्या नाहीत, हिरव्या आणल्यात.